कोरलमध्ये साजाचं एकच पान ग्रुपमधून बाहेर काढायचंय, सगळं विस्कटतंय

डीटीपी_राजारामपुरी

नमस्कार सगळ्यांना. मी राजारामपुरीत एका छोट्या डीटीपीच्या दुकानात काम करते, आठ महिने झाले, कोरल, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉईंग काढायचं सॉफ्टवेअर, तिथंच बघून बघून शिकले, क्लास वगैरे काही केलेला नाही. गुजरीतल्या एका सराफांचं काम आलंय. त्यांना दागिन्यांच्या बॉक्सवर आणि कॅरीबॅगवर कोल्हापुरी साजाची, म्हणजे गळ्यातल्या त्या दागिन्याची, पानं छापायचीत. अख्खा साज नको, पाचच पानं सुटी पाहिजेत, मासा, कासव, चंद्र, शंख आणि बेलपान, एकेका बॉक्सवर एकेक. ड्रॉईंग त्यांच्याकडंच होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी कुणा आर्टिस्टनं कोरलमध्ये काढून दिलेलं. काय काढलंय म्हणून सांगू, २१ च्या २१ पानं, मध्ये ताईत, प्रत्येक मण्यावर उजेडाचा ठिपका वेगळा, माशाचे खवले एकेक करून काढलेत. म्हणूनच त्याची वाट लावायची भीती वाटतीय.

आता अडचण. कुठंही क्लिक केलं की सगळा साज सिलेक्ट होतो. कंट्रोल यू मारलं, म्हणजे ग्रुप सोडला, परत क्लिक केलं तर आता अर्धा साज. परत कंट्रोल यू, तर चार पानं एकत्र. शेवटी वैतागून अनग्रुप ऑल केलं तर खाली पट्टीत २३०० च्या वर ऑब्जेक्ट दाखवायला लागलं. मग मासा धरून बाजूला ओढला तर नुसतं अंग आलं, डोळा आणि खवले तिथंच साजावर राहिले. चौकट ओढून सिलेक्ट करायला गेले तर शेजारच्या पानाचे मणी पण येतात, पानं इतकी जवळजवळ आहेत. सगळं अनडू करून मूळ जागी आणलंय.

दुसरं म्हणजे कासव. त्याच्यावर अनग्रुप चालतच नाही, ते बटणच फिकट दिसतंय, आणि पाठीवरची नक्षी काही सुटी होईना. कुठंतरी वाचलं म्हणून कंट्रोल के मारलं तर अख्खं कासव काळं ठिक्कर पडलं. आणि तिसरा तो शंख, तो हलवला की आतल्या रेघा गायबच होतात, नुसता बाहेरचा आकार उरतो, परत जागेवर आणला की रेघा परत दिसतात. हे काय प्रकरण आहे मला कळेनाच.

परवा संध्याकाळी प्रूफ द्यायचंय आणि दुकानातले दादा गावाला गेलेत, फोन लागत नाही. कुणी सांगाल का प्लीज.

गंगावेश_फ्लेक्स

ताई, आधी एक काम करा, त्या फाईलची कॉपी करून दुसऱ्या नावानं ठेवा आणि मूळ फाईल पेनड्राईव्हवर टाकून बाजूला ठेवा. असलं हातानं केलेलं काम परत मिळत नाही.

आता तुमच्या माशाचं. ग्रुप फोडायची गरजच नाही ओ, ग्रुपच्या आत हात घालता येतो. पिक टूल, म्हणजे सिलेक्ट करायचा बाण घ्या, कंट्रोल दाबून धरा आणि माशावर क्लिक करा. तुमच्या फाईलीत ग्रुपमध्ये ग्रुप, त्यात परत ग्रुप आहे असं दिसतंय, म्हणजे आर्टिस्टनं आधी मासा ग्रुप केला, मग चार पानं मिळून ग्रुप, मग अर्धा साज, मग अख्खा साज. बरोबरच केलंय त्यानं, आम्ही पण असंच करतो. तर कंट्रोल सोडायचं नाही, त्याच जागी परत परत क्लिक करत जायचं, दर क्लिकला एकेक पायरी आत जाता येतं. ज्या क्षणी सिलेक्शनची चौकट फक्त माशाभोवती येईल तिथं थांबायचं. अजून एक क्लिक केलात तर मासा ओलांडून एका खवल्यावर जाल.

आणि हे ओळखायचं कसं तर चौकटीचे ठिपके बघा. नेहमी ते चौकोनी काळे असतात, ग्रुपच्या आतलं काही धरलं असेल तर ते गोल होतात. खाली स्टेटस बारमध्ये पण चाईल्ड असा शब्द येतो. मी कामाला लागलो तेव्हा माझ्या उस्तादांनी पहिली हीच सवय लावली होती, बोट माऊसवर आणि डोळा खालच्या पट्टीवर. ती पट्टी सगळं सांगते, धरलेली चीज ग्रुप आहे, कर्व्ह म्हणजे एकच आकार आहे, का टेक्स्ट आहे, आत किती ऑब्जेक्ट आहेत.

मासा धरला गेला की कंट्रोल सी, नवीन पेज घ्या, तिथं कंट्रोल व्ही. साज जसाच्या तसा राहिला आणि तुमचा मासा खवल्यासकट, डोळ्यासकट दुसऱ्या पेजवर आला. पाचही पानांचं असंच करा, कासव आणि शंखाचं वेगळं लफडं आहे ते बघू, आधी हे होतंय का सांगा.

एक अजून, काही आकारांना आत रंग भरलेला नसतो, नुसती रेघ असते. तिथं मध्ये क्लिक करून काही धरलं जात नाही, रेघेवरच क्लिक करावं लागतं. लोक मध्ये क्लिक करत बसतात आणि म्हणतात सिलेक्ट होईना.

इचल_ऑफसेट

एवढं कशाला, अनग्रुप ऑल करायचं, व्ह्यू मधनं वायरफ्रेम लावायचं, म्हणजे रंग जाऊन नुसत्या कडा दिसतात, पाहिजे तेवढं चौकटीत घ्यायचं, शेजारचे मणी शिफ्ट दाबून काढून टाकायचे आणि ग्रुप करायचं. मी वीस वर्षं असंच करतोय, काही अडत नाही. पाच पानं म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

गंगावेश_फ्लेक्स

दादा, तुमचा हात बसलाय म्हणून तुम्हाला जमतं, पण या ताईंच्या फाईलीत २३०० तुकडे आहेत आणि मण्यावरचा उजेडाचा ठिपका वायरफ्रेममध्ये केवढा दिसणार. एक ठिपका मागं राहिला तर तो बॉक्सवर छापून आल्यावरच दिसतो. आणि एकदा अनग्रुप ऑल करून फाईल सेव्ह झाली की आर्टिस्टनं लावलेली सगळी घडी गेली, उद्या सराफ म्हणाले आता नाग पण काढून द्या, तर परत अर्धा तास. ज्यानं ग्रुप लावलेत त्यानं आपलंच काम सोपं करून ठेवलंय, ते मोडायचं कशाला, एवढंच माझं म्हणणं आहे.

वायरफ्रेमचं मात्र शंभर टक्के बरोबर, झाकलेलं काय काय आहे ते तिथंच दिसतं.

इचल_ऑफसेट

ते पटलं, सेव्ह व्हायचा मुद्दा खरा आहे. मी पण कॉपीवरच करतो म्हणा.

डीटीपी_राजारामपुरी

दादा झालं! तिसऱ्या क्लिकला मासा अलगद धरला गेला. गोल ठिपके पण दिसले, आठ महिन्यांत मी ते कधी नीट बघितलेच नव्हते. मासा, चंद्र, बेलपान तिन्ही वेगळ्या पेजवर घेतले. बेलपानाला एक जास्तीचा क्लिक लागला, त्याचा देठ वेगळा ग्रुप होता.

पण दोन गोष्टी. मासा बॉक्सच्या मापाला लहान केला, पाऊण इंचाचा, तर खवल्यांच्या रेघा जाड जाड दिसायला लागल्यात, सगळे खवले एकमेकांत मिसळून काळा पट्टा झाला. आणि कासव तसंच अडलंय. खालच्या पट्टीत बघितलं, तर कासवाला ग्रुप लिहिलेलंच नाही, नुसतं कर्व्ह लिहिलंय. शंखाला पॉवरक्लिप असं काहीतरी लिहून येतंय.

रेडियम_काका

प्राजक्ता असो की प्रिया असो, नाव माहीत नाही म्हणून पोरी म्हणतो, राग मानू नकोस. तू पट्टीत वाचलंस तिथंच निम्मं काम झालं. माझं उद्यमनगरात रेडियम कटिंगचं दुकान आहे, दिवसभर हेच चालतं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

बघ, आकार एकमेकांना चिकटलेले असायची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. ग्रुप म्हणजे दोरीनं बांधलेली जुडी, दोरी सोडली की काडी काडी सुटी, काडीला काही झालेलं नसतं. त्याला कंट्रोल यू. कंबाईन म्हणजे जुडी नव्हे, ते सगळे मिळून एकच आकार झालेले असतात, कंट्रोल एल नं. त्यात जिथं आकारावर आकार येतो तिथं भोक पडतं. तुझ्या कासवाची नक्षी म्हणजे वर काढलेल्या रेघा नाहीत, ती कासवाच्या पाठीला पाडलेली भोकं आहेत. म्हणून अनग्रुप फिकट दिसतं, सोडायला तिथं दोरीच नाही. आणि तू कंट्रोल के मारलंस, म्हणजे कंबाईन फोडलंस, तेव्हा प्रत्येक भोक स्वतः एक भरीव आकार झालं, त्याला पण कासवाचाच काळा रंग, मग काळ्यावर काळं, दिसणार काय. नक्षी कुठं गेली नव्हती, तिथंच होती.

आता मला सांग, तुला कासवाची नक्षी सुटी कशाला पाहिजे? कासव बॉक्सवरच जाणार ना, मग सुटं करूच नकोस. एक परीक्षा करून बघ, म्हणजे तुला स्वतःला कळेल. एक मोठा चौकोन काढ, त्याला मरून रंग दे, सराफांचे बॉक्स बहुतेक त्याच रंगाचे असतात, आणि शिफ्ट पेजडाऊन दाबून तो सगळ्याच्या मागं पाठव. आता कासवाकडं बघ. नक्षीतनं मरून रंग दिसला तर ती खरी भोकं. मग माशाच्या डोळ्याकडं बघ. तो जर पांढराच राहिला तर तो पांढरा रंग भरलेला वेगळा गोल आहे, भोक नाही. पांढऱ्या कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, तिथंच माणूस फसतो. बॉक्स मरून छापल्यावर एक डोळा पांढराशुभ्र आणि कासवाची नक्षी मरून, असं विचित्र दिसेल. त्या आर्टिस्टनं कासव कंबाईन करून ठेवलंय ते मला वाटतं विचार करूनच केलंय.

डोळ्याचं पण भोक पाहिजे असेल तर कंट्रोल क्लिकनं डोळा धर, मग माशाचं अंग धर, कंट्रोल एल. हे मात्र माशाच्या कॉपीवर, आणि तिथं मासा सुटा आहे म्हणून तिथं बिनधास्त अनग्रुप कर, चार तुकड्यांचा हिशेब डोक्यात राहतो. कंबाईन झाल्यावर जो शेवटी सिलेक्ट केला त्याचा रंग सगळ्याला लागतो, म्हणून अंग शेवटी धरायचं, डोळा आधी. उलटं केलंस तर अख्खा मासा पांढरा होईल.

आणि नक्षी खरंच वेगळ्या रंगात पाहिजे असेल, समजा कॅरीबॅगवर कासव सोनेरी आणि नक्षी लाल, तरच कंट्रोल के. मारल्यावर लगेच दुसरीकडं क्लिक करू नकोस. आधी बाहेरचा मोठा आकार एकटा धर, तो शिफ्ट पेजडाऊननं मागं घाल, मग चौकट आतल्या आत ओढून नक्षीचे तुकडे धर आणि त्यांना लाल रंग दे, लगेच ग्रुप करून टाक.

आता हे मी एवढं कळवळून का सांगतोय तर ऐक. चारेक वर्षं झाली, गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका मंडळाचं काम होतं, गणपती बाप्पा मोरया, बारा फूट लांब, पिवळ्या रेडियममध्ये. अक्षरं कर्व्ह केली, म्हणजे टेक्स्टचे आकार केले, स्क्रीनवर झकास दिसत होती. रात्री प्लॉटरला, म्हणजे कापायच्या मशीनला लावलं, सकाळी सोलायला घेतलं तर शिरोरेषा हातात तुकड्या तुकड्यानं यायला लागली. ग सुटा, ण सुटा, काना सुटा. आपल्या अक्षरांचं असं आहे की शिरोरेषेत एका अक्षराचं टोक दुसऱ्यात घुसलेलं असतं, डोळ्याला ती सलग रेघ दिसते पण प्लॉटरला प्रत्येक अक्षराची कड दिसते आणि तो प्रत्येक कड कापतो. मी घाईघाईत काय केलं, सगळं कंट्रोल के करून वेल्ड मारलं, म्हणजे एकमेकांत घुसलेले आकार जोडून एक केले. शिरोरेषा जोडली गेली, पण बाप्पामधल्या ब चं पोट बुजलं, प चं पोट बुजलं, नुसते पिवळे गोळे. पोरं दारात उभी, टेम्पो उभा. सगळं परत कापावं लागलं, पहिल्याचं रेडियम वाया.

तेव्हापासून क्रम ठरला. आधी टेक्स्ट असतानाच अक्षरं सुटी करायची, मग एकेक अक्षर कंट्रोल क्यू नं कर्व्ह, म्हणजे ब चं पोट ब जवळच राहतं, आणि मग सगळी अक्षरं मिळून एकदा वेल्ड. वायरफ्रेम लावून बघायचं, शिरोरेषेच्या आत एक पण आडवीउभी रेघ दिसता कामा नये, आणि व, ब, क, प ची पोटं मोकळी दिसली पाहिजेत. युनिकोड फॉन्ट असला तर सुटी करताना वेलांटी मात्रा कुठंतरी उडतात, तिथं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाईप केलेलं काम बरं पडतं असा माझा अनुभव. तुझ्या बॉक्सवर दुकानाचं नाव मराठीत असेल आणि पुढं कधी त्याचं कटिंग करायचं असेल तर हे लक्षात ठेव.

गंगावेश_फ्लेक्स

काका, क्रम लिहून ठेवला. मी वेल्ड आधी करून मग पोटं ट्रिम करत बसायचो, दुप्पट वेळ जायचा.

ताई, तुमच्या खवल्यांचं सांगतो. मासा मोठा असताना रेघ जेवढ्या जाडीची होती तेवढीच ती लहान झाल्यावर पण राहिली, मासा बारीक झाला, रेघ नाही झाली. परत मूळ मापाला आणा, खवले सिलेक्ट करा, एफ१२ दाबा, आऊटलाईनची खिडकी उघडेल, तिथं स्केल विथ ऑब्जेक्टवर टिक करा, जुन्या व्हर्जनला स्केल विथ इमेज असं लिहिलेलं असतं. मग लहान करा, रेघ पण प्रमाणात बारीक होईल. फक्त एकसारख्या जाडीच्या रेघा एकावेळी धरा, नाहीतर सगळ्यांना एकच जाडी लागायची. आणि पाऊण इंचात रेघ फारच केसासारखी झाली तर छपाईत तुटेल, तेव्हा प्रिंटरवर एक काळा प्रिंट मापात काढून बघा, स्क्रीनवर झूम करून काही कळत नाही.

शंख पॉवरक्लिप आहे म्हणजे शंखाचा बाहेरचा आकार ही पिशवी आणि रेघा तिच्यात घातलेल्या. पिशवी हलवली की आतला माल पण हलला पाहिजे, पण त्याचं एक कुलूप असतं, ते उघडं राहिलं असेल तर पिशवी पुढं जाते आणि रेघा कागदावर आपल्या जुन्या जागीच राहतात, पिशवीच्या बाहेर गेल्या म्हणून दिसत नाहीत. शंख जागेवर आणला की दिसतात ते त्याच्यामुळंच. शंखावर राईट क्लिक करा, लॉक कंटेंट्स टू पॉवरक्लिप असं दिसेल, त्याला टिक लावा. शंख मूळ जागी असतानाच लावा हं, रेघा दिसत असताना. मग कुठं पण न्या.

रेघांचाच रंग बदलायचा असेल तर कंट्रोल दाबून शंखावर क्लिक करा, आत जाल, बाकीचं फिकट होईल किंवा दिसेनासं होईल, घाबरू नका. बदल करा आणि कंट्रोल दाबूनच बाहेर रिकाम्या जागी क्लिक करा, बाहेर याल. एक्स्ट्रॅक्ट करून रेघा बाहेर काढू नका, त्या शंखाच्या बाहेर लांब लांब गेलेल्या असणार, त्या परत घालत बसाल.

मोफत_सॉफ्टवेअर_केएलपी

मी विद्यापीठाकडं शिकतोय, दुकान वगैरे नाही, पण घरी कोरल नसणाऱ्यांसाठी लिहितो. इंकस्केपमध्ये हेच सगळं होतं आणि ते पूर्ण मोफत आहे, २००३ पासून लोक मिळून बनवतात, २०२० ला त्याचं १.० व्हर्जन आलं आणि तेव्हापासून बरंच सुटसुटीत झालंय.

तिथं पण कंट्रोल क्लिक केलं की ग्रुपच्या आतला आकार धरला जातो, फक्त तो थेट सगळ्यात आतल्या आकारावर जातो, म्हणजे मासा न मिळता एक खवला मिळेल. पायरी पायरीनं जायचं असेल तर डबल क्लिक करत आत जायचं. ग्रुप करायला कंट्रोल जी, फोडायला कंट्रोल शिफ्ट जी. आणि एक मला फार आवडलेली गोष्ट, ग्रुपच्या आतलं काही धरून राईट क्लिक केलं की ग्रुपमधनं बाहेर काढायचा पर्याय आहे, बाकीचा ग्रुप तसाच राहतो. झाकलेलं धरायला ऑल्ट क्लिक. लिनक्सवर काही ठिकाणी ऑल्ट क्लिक विंडो हलवायला वापरलेलं असतं, त्यामुळं चालत नाही, ते सेटिंगमध्ये बदलावं लागतं, माझा एक रविवार त्याच्यात गेला.

कासवासारखं असेल तर पाथ मेनूत ब्रेक अपार्ट, तिथं पण काळं ठिक्करच होणार. पण नवीन व्हर्जनला त्याच मेनूत स्प्लिट पाथ पण आहे, त्यानं लांब लांबचे आकार सुटे होतात आणि भोकं ज्याची त्याच्याजवळ राहतात. काकांच्या बाप्पाला हे कामाला आलं असतं असं वाटतं, पोटं बुजली नसती.

सीडीआर, म्हणजे कोरलची फाईल इंकस्केप उघडतं, पण कोरलमधले इफेक्ट नीट येतीलच असं नाही, त्यामुळं ताई तुम्ही हे काम कोरलमध्येच करा, मध्येच सॉफ्टवेअर बदलू नका.

रेडियम_काका

स्प्लिट पाथ नवीन ऐकलं. उद्या दुकानातल्या पोराला इंकस्केप टाकायला सांगतो, बघतो प्लॉटरला कसं काय जमतं.

पुण्यातला_कोल्हापूरकर

कोरलऐवजी इलस्ट्रेटर हे ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. डबल क्लिक केलं की आयसोलेशन मोडमध्ये जाता येतं, बाकी सगळं फिकं होतं, वर डावीकडं तुम्ही किती पायऱ्या आत आहात ते लिहून येतं, एस्केप दाबलं की बाहेर. पांढरा बाण थेट आतला आकार धरतो, त्याच्याच खाली अधिकच्या खुणेचा दुसरा पांढरा बाण असतो, त्यानं एकाच जागी क्लिक करत गेलं की उलटं होतं, आधी खवला, मग मासा, मग चार पानं, मग अख्खा साज. मला ते कोरलपेक्षा सोपं वाटतं कारण लागेल तिथं थांबता येतं. कासवासारख्याला तिथं कंपाऊंड पाथ म्हणतात आणि शंखासारख्याला क्लिपिंग मास्क.

साजाचं ड्रॉईंग बघायला मिळालं तर बघायला आवडेल. आमच्या आजीचा साज होता, त्यातलं कासव मला अजून आठवतं, पाठीवर सहा घरं होती.

डीटीपी_राजारामपुरी

सगळ्यांना उत्तर एकदम देते, आत्ताच दुकान बंद करून घरी आले.

शंखाला टिक लावली, सरळ उचलून दुसऱ्या पेजवर ठेवला, रेघा बरोबर आल्या. खवल्यांचं एफ१२ नं झालं, पण पाऊण इंचात खरंच केसासारख्या दिसत होत्या, प्रिंट काढला तर निम्म्या तुटलेल्या, म्हणून मग एक सोडून एक खवला काढून टाकला आणि उरलेल्यांची रेघ जरा जाड केली. आता लांबून बघितलं तरी मासा मासाच वाटतो. हे बरोबर केलं का माहीत नाही, आर्टिस्टचं काम बदलल्यासारखं वाटलं, पण मूळ फाईलला हात लावलेला नाही.

काका, मरून चौकोन मागं टाकला आणि बघतच राहिले. माशाचा डोळा पांढरा, चंद्रावरचे तीन ठिपके पांढरे, बेलपानाची मधली शीर पण पांढरी, आणि कासव मात्र एकदम जिवंत, नक्षीतनं मरून रंग दिसत होता. तुम्ही सांगितलंत तसं आधी आतलं मग बाहेरचं धरून कंट्रोल एल मारत गेले. चंद्राला एकदा उलटं झालं, अख्खा चंद्र पांढरा झाला, तेव्हा तुमची ओळ आठवली, अनडू करून परत केलं. बेलपानाची शीर मात्र रंग भरलेली नव्हती, ती नुसती पांढरी जाड रेघ होती, कंबाईन केलं तर रेघच गेली. तिला आधी कंट्रोल शिफ्ट क्यू नं रेघेचा आकार करून घ्यावा लागला, मग कंट्रोल एल. हे मी स्वतः शोधलं.

आणि ऑब्जेक्टच्या यादीत जाऊन साजाच्या प्रत्येक पानाच्या ग्रुपला मराठीत नाव देऊन ठेवलंय, मासा, कासव, नाग, भुंगा असं. दोन पानं कुठली आहेत ते मला ओळखता आली नाहीत, ती प्रूफ देताना सराफांनाच विचारीन.

पुण्याच्या दादांना, ड्रॉईंग गिऱ्हाईकाचं आहे त्यामुळं इथं टाकता येणार नाही. पण मी मुद्दाम मोजलं, या कासवाच्या पाठीवर पण सहाच घरं आहेत.